आळंदच्या वाटेवरचा तांब्या

रस्ता कसा आहे, हे आमच्या घरात कधी कुणी खड्ड्यांवरून सांगितलं नाही. तांब्यावरून सांगितलं. "भालकीपर्यंत पाव तांब्याचा रस्ता हाय," असं अप्पा म्हणाले की आम्हाला सगळं कळायचं. निघताना काठोकाठ भरून घेतलेल्या तांब्यातलं पाव पाणी भालकी येईस्तोवर सांडणार. अर्ध्या तांब्याचा रस्ता असला की अव्वा, म्हणजे माझी आई, आदल्या रात्री आम्हाला हलकं जेवण वाढायची. आणि रिकाम्या तांब्याचा रस्ता म्हणजे त्या वाटेनं जायचंच नाही, मग पलीकडे सख्ख्या भावाचं लग्न का असेना. ही मोजणी कुणी सुरू केली, कधी केली, मी कधी विचारलं नाही. घरात चूल असते तशी ती होती.

यंदा मार्गशीर्षातली वेळ अमावस्या होऊन गेल्यावर मी पुण्याहून गाडी घेऊन कमलनगरला आले, तेव्हा अप्पा न्हाणीच्या दगडावर बसून तोच तांब्या चिंचेनं घासत होते. पितळी, एका अंगाला पोचा आलेला, गळ्याशी वेलबुट्टी, तीही आता हाताला लागते तेवढीच. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "तुज्या गाडीचे शॉकअप कसे हायत?" मी कशी आहे, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर. मला त्याचं काही वाटलं नाही. गाडी चांगली असली तर मुलगी चांगलीच असणार, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

पण त्या प्रश्नात नेहमीचा खेळकरपणा नव्हता. पावसाळ्यात अव्वा न्हाणीत घसरली आणि तिच्या मणक्याला चीर गेली होती. आता ती उठत होती, कमरेला रुंद पट्टा बांधून अंगणात चार पावलं टाकत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बसू द्या, हळूहळू चालू द्या, फक्त हिसका बसता कामा नये. एक मोठा हिसका बसला तर पुन्हा अंथरूण, आणि या वेळी कदाचित कायमचं. आणि तिकडे आळंदला तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या मावशीनं, अंथरूण धरलं होतं. मावशीचे कानही गेले होते. फोन कानाला लावला की ती नुसती "व्हय, व्हय" म्हणत राहायची आणि इकडे अव्वा बोलता बोलता थांबायची. गेल्याच्या आदल्या दिवाळीपासून दोघी भेटल्या नव्हत्या. "अक्काला एकदा डोळ्यानं बगू द्या," अव्वा अप्पांना म्हणाली होती, "मग तुमी म्हणताल तितके दिवस निजून ऱ्हाते." अप्पांनी माळ्यावरून तांब्या काढला.

संध्याकाळी मी फोनवरचा नकाशा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यात बसवकल्याणवरून आत वळणारी सरळ वाट निळी होऊन चमकत होती. हुमनाबाद, कमलापूर, कलबुर्गी असा मोठा फेरा घालून आळंदला जायचं तर बराच वेळ जास्त लागेल, असं तो सांगत होता. अप्पांना नकाशा फार आवडला. त्यांनी मला प्रत्येक गाव मोठं करायला लावलं, ओळखीच्या फाट्यांवर बोट ठेवलं, मांजरेचा पूल दिसल्यावर तर खुश झाले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "लई झ्याक हाय हे. फकस्त याला तांब्या दिसत न्हाई."

"जवळचा रस्ता आहे अप्पा."

"किती लांब ते विचारू नको बाई. किती सांडलं ते विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेले. मला वाटलं, चहा प्यायला. मग त्या फळकुटाच्या बाकावर बसताच तळलेल्या मिरच्यांचा ठसका नाकात गेला आणि मी फ्रॉक घालून त्याच बाकावर पाय हलवत बसले. लांबच्या प्रवासाची तयारी आमच्याकडे इथूनच सुरू व्हायची. पिशव्या भरणं, कडक भाकरी थापणं, शेंगांची चटणी कुटणं, हे अव्वाचं. रस्ता भरणं अप्पांचं. उदगीरहून, भालकीहून, हुमनाबादहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून तोंडावर पाणी मारायचा, आणि तोंड पुसायच्या आत अप्पा त्याच्यापुढे बशी सरकवायचे. मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये, उर्दू बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत. एखादा औरादकडचा तेलुगू ड्रायव्हर आला तर तेलुगूचे असतील नसतील ते शब्द हातवाऱ्यांत कालवून. पूल कसा आहे. खडी टाकली की नुसती ओतून ठेवली. ओढ्याला पाणी किती. तोपर्यंत बाहेर अप्पांच्या जीपची ताडपत्री उन्हात तापून रबराचा वास सोडायची आणि मला वाटायचं की रस्ता ही गोष्ट जमिनीवर नसतेच. ती या माणसांच्या तोंडात असते आणि बशीभर चहावर बाहेर येते.

ते बाक बदललेलं नाही. ड्रायव्हर मात्र बहुतेक कोवळे, कानात वायर घातलेले. एकच ओळखीचे निघाले. खेड्यांना जीप नेणारे जुने चाचा, आता दाढी पार पांढरी. अप्पांनी बशी सरकवली.

"हुमनाबाद तक मक्खन है अप्पा," चाचा फुंकर घालत म्हणाले. "दुबलगुंडी के पास नवा ब्रेकर डाले, पट्टा नै मारे उसपो. दूरसे दिखताच नै. संभाल के जाव."

"आन् तुरी? रस्त्यावर आल्यात काय?"

"आने लगे. कमलापूर के उस तरफ बिछा को रखे."

आमच्या भागात तुरीची रास करायची वेळ आली की शेतकरी कापलेल्या तुरी डांबरावर पसरून ठेवतात. गाड्यांच्या चाकांखाली मळणी फुकटात होते. गाडीवाल्यांना मात्र त्या ढिगाखाली काय दडलंय ते कळत नाही. अप्पांनी तुरी विचारल्या, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे कधी निघतात ते विचारलं, कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी ते पुन्हा घोकलं. चाचांनी शेवटी बशी पालथी घातली आणि विचारलं, "इत्ता कैकू पूछ रै, अप्पा? दुल्हन ले जा रै क्या?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "जुनीच हाय."

एवढं होऊनही त्यांचं समाधान झालं नाही. अव्वाला शेजारणीच्या हवाली करून आम्ही दोघं आधी रिकामी फेरी मारायला निघालो. अप्पा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर टॉवेलची चुंबळ, चुंबळीवर काठोकाठ तांब्या. मी हळूच क्लच सोडला. आजवर पुणे, मुंबई, गोवा सगळीकडे गाडी चालवली, पण इतक्या जपून कधी नाही. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं आणि मास्तर शेजारी पाणी घेऊन बसलेले.

लहानपणी तो तांब्या अव्वाच्या मांडीवर असायचा. मावशीकडे आम्ही वर्षातून एकदा, याच दिवसांत जायचो. जीपच्या मागच्या बाजूला आम्ही, दोन्ही बाजूंनी धूळ, खालून डिझेलचा वास, आणि मध्ये अव्वा, तळवे तांब्याभोवती धरून, डोळे पाण्यावर. खिडकीबाहेर तिनं कधी बघितलंच नाही. भालकी आली, आता हरभऱ्याची शेतं लागली, आता माती लाल झाली, हे सगळं मी तिला सांगायचे आणि ती मान न उचलता "व्हय का" म्हणायची. खड्डा आला की ती अंगानं पाण्याच्या उलट्या बाजूला कलायची. जीप उजवीकडे गेली की अव्वा डावीकडे, इतकं सहज, की मला वाटायचं जीप तिच्याच कमरेवर चाललीय. आणि सांडलं की पुढे बघून म्हणायची, "कामून असं करायलाव? अक्काला काय दाखवू मी?" अप्पा आरशात बघून हसायचे आणि गियर बदलायचे.

दुबलगुंडीच्या फाट्यावर एक भली मोठी चिंच होती. तिथं जीप थांबायची. कडक भाकरी मोडल्याचा कुडूम आवाज, शेंगांच्या चटणीवर दही, शेतातून मागून आणलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा, मिठात उकडलेल्या, बोटांना चिकटणाऱ्या. चिंचेखालची सावली इतकी गार असायची की अव्वा तिथं पाच मिनिटं आडवी व्हायची आणि तेवढा वेळ तांब्या माझ्याकडे असायचा. पुढे हुमनाबादला मोठा हायवे लागला की मग मलाच तो धरायला मिळायचा, कारण तिथं सांडायची भीती कमी. कमलापूरला लाल केळी घ्यायची आणि त्यांचा तो थोडा आंबूस, थोडा मधासारखा वास कलबुर्गीपर्यंत जीपमध्ये भरून राहायचा. तिथून माती काळी व्हायची. दोन्हीकडे काळ्या रानात ज्वारी उभी, आणि वारा आला की पानांचा असा आवाज व्हायचा जसं कुणी नवं लुगडं उलगडतंय.

चिंच आता नाही. रस्ता रुंद झाला त्यात गेली. तिथं चाचांनी सांगितलेला तो बिनपट्ट्याचा गतिरोधक मात्र होता, आणि मी तो अगदी पायी चालल्यासारखा पार केला. तांब्यातलं पाणी थरथरलं, सांडलं नाही. मी गाडी बाजूला घेऊन चिंचेच्या जागेकडे बघत बसले. मी म्हणाले, "अप्पा, एवढं झाड पाडलं हो."

त्यांनीही बघितलं. मग तांब्यावर आलेला धुळीचा कण बोटानं टिपत म्हणाले, "झाड लई चांगलं हुतं. पर ते हुतं तवा हितनं तुज्या अव्वाला आसल्या पाठीनं नेता आलं नसतं."

मी गाडी चालू केली. त्या माणसाचं मला नेहमी नवल वाटत आलंय. ज्या रस्त्यांनी त्यांच्या जीपची हाडं खिळखिळी केली, त्यांची ते थट्टा करतात, आणि चांगला रस्ता लागला की घरी पाहुणा आल्यासारखे सावरून बसतात. हुमनाबादच्या पुढे डांबर गुळगुळीत झालं तेव्हा त्यांनी मान डोलावून म्हटलं, "वा. केलंय बरं का, केलंय." कुणी केलंय, का उशिरा केलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कमलापूरच्या पुढे तुरी पसरलेल्या होत्या. तिथं उतरून त्यांनी शेतकऱ्याशी कन्नडमध्ये चार शब्द बोलून परवा सकाळी एका बाजूची वाट मोकळी ठेवायचं वचन घेतलं. ट्रॉल्या दहानंतर वाढतात हेही त्याच्याकडूनच कळलं.

आळंदच्या बाजारपेठेत आलो तेव्हा तांब्याचा फक्त गळा रिकामा झाला होता. अप्पांचे डोळे चमकले. मी मावशीच्या गल्लीकडे वळवायला लागले तर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"तिकडं न्हाई जायचं."

"अहो, इथवर आलोय. दोन मिनिटं भेटून—"

"तू आन् मी अव्वाला सोडून दारात उभं ऱ्हायलाव तर तिला काय वाटंल?"

मी गाडी बाजूला घेतली. अंथरुणावर पडलेली म्हातारी, कान गेलेले, आणि दारात बहिणीचा नवरा आणि लेक, बहीण नाही. आमच्याकडे दोघं अशी दारात येतात ती एकच बातमी घेऊन. ती नाही हे कळायच्या आधीच मावशी हाय खाईल. फोन करून मावसभावाला सांगायलाही अप्पांनी नको म्हटलं. येणार म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी अव्वाची पाठ धरली, तर मावशी दाराकडे बघत राहील. म्हणून आम्ही बाजारात चहा प्यालो आणि तिथूनच माघारी फिरलो. सगळा रस्ता तपासून झाला होता. फक्त तिच्या दारापुढची गल्ली तेवढी राहिली, आणि ती तपासायची असते हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

ठरल्या दिवशी धुकं विरल्यावर निघालो. अव्वाला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं होतं. तांब्या अप्पांनी घेतला, पण भालकीच्या आतच ती म्हणाली, "द्या हिकडं. तुमाला धरता येत न्हाई." पट्ट्यात आवळलेली कमर कलू शकत नव्हती, तरी तळवे तसेच, डोळे पाण्यावर. मी आरशातून बघत होते. गाव आलं की मी सांगायचे, "अव्वा, हालबर्गा गेलं," आणि ती मान न उचलता म्हणायची, "व्हय का." माझं वय कुठल्या कुठे पळालं. चिंचेच्या जागी गाडी थांबवली तेव्हा तिनं विचारलं, "फाटा आला न्हाई का?" मी आला म्हटलं. तिनं एकदा वर बघितलं, उघड्या आभाळाकडे, आणि परत पाण्याकडे. भाकरी आम्ही गाडीतच खाल्ली. तुरीवाल्यानं शब्द पाळला होता. एक बाजू स्वच्छ झाडून ठेवली होती आणि आम्ही जाताना त्यानं बांधावरून हात वर केला.

मग आळंद, बाजारपेठ, आणि मावशीच्या गल्लीचं तोंड. तिथं मी ब्रेक दाबला.

गल्ली उकरली होती. पाण्याची पाइपलाइन. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला मुरुमाचे ढीग, आणि भिंतीला लागून माणूस जाईल एवढी पायवाट. गाडीचं तर नावच नको. मावशीचं घर पार गल्लीच्या टोकाला. अप्पा खाली उतरले आणि नुसते बघत राहिले. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. एवढी गावं, पूल, तुरी, ट्रॉल्या सगळ्यांना विचारून झालं होतं आणि ज्या घरी जायचं तिथंच विचारायचं राहिलं होतं. शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं खुर्चीवर बसवून उचलू, कुणी बाजेवर. अप्पा दोन्हीला मान हलवत होते. मुरुमावर पाय घसरला एकाचा, की संपलं. "माघारी जाऊ," ते मला हळूच म्हणाले. "चर बुजला की आणू."

मागचं दार उघडलं. अव्वानं आधी पाय बाहेर काढले, मग मला हात मागितला आणि उभी राहिली.

"चालायला डॉक्टर न्हाई म्हणले न्हाईत," ती म्हणाली. "हिसका नगं म्हणले. मीच चालायले तर हिसका कोण देणार?"

"अगं, वाट कशी हाय बघ तरी," अप्पा म्हणाले.

"वाट तुमी बगा. मला तांब्या द्या."

तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि निघाली. मी एका बाजूनं तिच्या कोपराला हात लावून, अप्पा पुढे, पायानं खडे बाजूला सारत. अव्वा खाली बघत नव्हती, पुढेही नाही. पाण्याचा काठ सपाट राहील एवढंच ती बघत होती, आणि तो सपाट ठेवण्यासाठी जेवढं हळू टाकावं लागतं तेवढंच हळू पाऊल टाकत होती. पाणी एका बाजूला कललं की थांबायची. स्थिर झालं की पुढचं पाऊल. चरात उतरलेले कामगार फावडी टेकवून उभे राहिले. गल्लीतल्या बायका दारात आल्या, पण कुणी हाक मारली नाही, जणू आवाजानंही पाणी हललं असतं. लहानपणी मला वाटायचं की तांब्या रस्ता मोजायला घेतात. त्या दिवशी तो अव्वाला धरून चालला होता. माझ्या आईचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि ती तर फक्त चालत होती.

मावशीच्या दाराशी पूर्वी जाईचा वेल होता. आम्ही पोचलो की मावशी उंबऱ्यात यायची, आमची तोंडं बघायच्या आधी तांब्यात डोकवायची, "किती सांडलं?" म्हणून विचारायची, आणि उरलेलं पाणी जाईच्या बुडाशी ओतायची. मग कुठे माझ्या गालाला तिचे खरबरीत हात लागायचे. वेलाच्या जागी आता मोटारसायकल उभी होती. उंबरा अव्वा एकेक पाय करून चढली.

आत बाजेवर मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. किती लहान झाली होती ती. सुनेनं खांद्याला हात लावून तिला इकडे वळवलं. मावशीनं दाराकडे बघितलं. पट्टा बांधलेली बहीण, हातात तांब्या. तिच्या तोंडावर आश्चर्य आलं नाही, काही नाही. कोरड्या आवाजात, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिनं विचारलं,

"किती सांडलं ग?"

अव्वा बाजेजवळ गेली. बोलून उपयोग नव्हता, म्हणून तिनं तांब्या मावशीच्या डोळ्यांसमोर खाली आणला. जवळजवळ काठोकाठ. कमलनगरपासून, मांजरेच्या पुलावरून, चिंच नसलेल्या फाट्यावरून, चराच्या कडेनं आलेलं पाणी. मावशीनं डोकावून बघितलं आणि अव्वाच्या मनगटावर हात ठेवला. आणि मग, सगळा रस्ता न हललेले ते हात हलायला लागले. पाणी काठावरून आलं, मावशीच्या चादरीवर पडलं, तिच्या हातावर, अव्वाच्या पदरावर, आणि दोघींपैकी कुणीही तांब्या सरळ करायला गेलं नाही.

अप्पा उंबऱ्यात उभे होते. चपलांना लाल मुरुम, डोळ्यात पाणी.

"ह्ये रस्त्यात धरायचं न्हाई," ते म्हणाले. "रस्त्यात न्हाई सांडलं."

पण ते ऐकायला आत कुणी मोकळं नव्हतं.